कातर न लागलेलं जाकीट

आमच्या मामंजींना कोणी नवं माणूस भेटलं, की त्याचं नावगाव विचारायच्या आधी ते म्हणत, "हात वर करा बरं."

पाहुणा बिचारा गोंधळायचा. कोणी हसून हात वर करायचा, कोणी घाबरून. मामंजी डोळे बारीक करून त्याच्या अंगातल्या कोटाकडं बघत राहायचे. हाताबरोबर कोट कमरेवरून वर सरकला, की मामंजींचं तोंड लगेच उतरायचं.

"न्हाय चालायचा. चढावर पोटात वारं शिरंल."

"अवो आबा, मी कुठं चढाय निघालोय? मी तुमचा खोंड बघाय आलोय!"

"म्हणून काय झालं? कोट म्हंजी कोट."

एका लग्नात तर त्यांनी अक्षता पडायच्या तोंडाला नवरदेवालाच हात वर करायला लावले. नवरदेवाला वाटलं, ह्या घरची काही रीत असेल. त्यानं दोन्ही हात आभाळाकडं केले आणि मंगलाष्टकं म्हणणारे भटजी मध्येच थांबून बघत बसले. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, भर मांडवात कपाळावर हात मारून घेतला. मामंजी मात्र खुशीत होते, कारण नवरदेवाचा कोट जागचा हलला नव्हता.

असे आमचे मामंजी. त्यांना जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. माझे स्वतःचे केस पिकले. पण थंडी पडायला लागली आणि कोणी अंगात काही गरम चढवताना दिसलं, की माझ्या तोंडून निघतंच, "हात वर कर बघू." नातवंडं हसतात. हसू देत मेली.

काटेवाडीच्या शिवारात आमचा मळा. पाटाच्या पाण्याखालची जमीन, वर्षभर हिरवीगार. ऊस असायचा, बारामतीच्या बाजारासाठी वांगी, गवार, मिरची असायची. घरात कशाला काही कमी नव्हतं. अशा घरच्या कर्त्या माणसानं गुऱ्हाळ लागायच्या ऐन दिवसांत, रसाची काहिली चुलाणावर चढायच्या वेळेला, काठी उचलून सासवडच्या पलीकडच्या डोंगरात चालायला जावं? आणि दरसाल? देवाला म्हणाल तर नाही, बाजाराला नाही, कुणाची सोयरीक जमवायलाही नाही. नुसतं चालायला!

गावातली माणसं विचारायची, "आबा, डोंगरात काय ठिवलंय?"

"थंडी," मामंजी म्हणायचे, आणि चालू लागायचे.

माणसं डोक्याजवळ बोट फिरवायची. बायका मला पाणवठ्यावर गाठून विचारायच्या, "तुजा सासरा असा का गं?" मी म्हणायची, "तुमीच विचारा की त्यास्नी." मला तरी कुठं ठाऊक होतं?

माजघरात त्यांच्या गरम कापडांच्या खुंट्या होत्या. त्यांना कोणी हात लावायचा नाही. एका खुंटीला पलटणीतला खाकी कोट, थोरल्या लढाईवरून परत आलेल्या एका शिपायाकडून घेतलेला. अंगात घातला, की पाठीवर वासरू घेतल्यागत वाटायचं. मामंजींचं त्याच्याबद्दल म्हणणं असं, की बसून राहायला हा कोट राजा. "पर चढाला लागलं की घाम, आन् थांबलं की त्योच घाम गार. माणूस आतनं भिजतो ह्याच्यात." शेजारच्या खुंटीला कापूस भरलेली बंडी. "कोरडी हाय तवर आपली. दहिवरानं भिजली, की परकी." तिसरं पुण्याच्या दुकानातलं फ्लॅनेलचं जाकीट. "दिसाय सायबाचं. पर वारं हिकडनं शिरतं आन् तिकडनं रामराम करून जातं."

हे सगळं ते उगाच म्हणत नसत. पहाटे पाटाच्या भरावावर, वाऱ्याच्या तोंडाला, एकेक कापड घालून बसायचे. मग भरावावरून खाली पळायचे, वर चढायचे, घाम आला की पुन्हा बसायचे. रानात जाणारी माणसं थांबून तमाशा बघायची. घरी आले, की ओसरीवर बसून आपलं ठरलेलं वाक्य म्हणायचे, "ऊब अंगात असती. कापड निस्तं राखणीला असतंय."

हे ते म्हणायचे कुणाला? म्हशीला! ही एक आणखी गंमत. त्या काळी सुनेनं सासऱ्यापुढं उभं राहायचं नाही, मग बोलायचं तर लांबच. डोक्यावरचा पदर ढळता कामा नये, आवाज दाराबाहेर जाता कामा नये. दुसऱ्या घरांत सासरे सुनांशी बोलतच नसत. आमच्या मामंजींना बोलल्याशिवाय करमायचं नाही. मग त्यांनी मध्ये म्हैस घातली.

"म्हशे, आज कुणीतरी भाकरी खाल्ल्याली न्हाय वाटतं."

मी दाराआडून म्हशीलाच सांगायची, "भूक न्हाय म्हणावं."

"भूक न्हाय आसं म्हणून चालत न्हाय, म्हणावं. दूध तरी पी म्हणावं. तुजंच हाय."

म्हैस आपली रवंथ करत दोघांचं ऐकायची. माझ्या बापानं मला जेवढं विचारलं नसेल, तेवढं ह्या माणसानं म्हशीच्या तोंडून मला विचारलं.

मी निरवांगीची. आमच्याकडं कोरडं रान, जिरायत. पाण्याचा तोटा होता, पण तापाबिपाचं नाव नव्हतं. इकडं आले आणि दुसऱ्याच पावसाळ्यात हिवतापानं मला धरलं. पाटाच्या पाण्याचा तो प्रसादच होता म्हणा ना. घरोघरी एकदोन माणसं कुडकुडत पडलेली असायची. पण बाकीची उठायची. माझा ताप काही हटेना. एक दिवसाआड तापाची पाळी यायची. आधी थंडी भरायची, अशी की दात दातावर ठरायचे नाहीत. अंगावर गोधडीवर गोधडी टाका, वर माणूस बसवा, ती थांबायची नाही म्हणजे नाही. मग ताप फणफणायचा. मग घाम, आणि मग मी चिंधीसारखी पडून राहायची. दिवाळीला आरशात बघितलं आणि आरसा पालथा घातला.

दिवाळी झाली आणि आत्याबाईंचे इंदापूरचे भाऊ आले. ओसरीवर बसून हळू बोलायला लागले. हळू म्हणजे, मला आत ऐकू येईल एवढंच हळू.

"अक्का, ही पोर काय उठत न्हाय बग. निरवांगीला पोचीव तिला. माज्या बघण्यात एक घर हाय, चांगलं. संक्रांतीला पाव्हणं घिऊन येतो."

आत्याबाई काही बोलल्या नाहीत. आमचे हे शेजारीच बसले होते, तेही बोलले नाहीत. ह्यांचं तोंड देवानं शिवूनच पाठवलं होतं. वाईट माणूस नव्हता, पण आईपुढं आवाज म्हणून फुटायचा नाही. मी चुलीपुढं बसून सगळं ऐकलं. त्या काळी तापाच्या बाईला माहेरी पोचवायचे ते परत आणण्यासाठी नसायचं. पोचवली, की नवऱ्याला हळद लागायचीच. माझी काय गत होणार, ते मला त्या दिवशीच स्वच्छ कळलं. माझा सगळा जीव संक्रांतीवर टांगला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजींनी गाडी जुंपली. बारामतीच्या डॉक्टरांकडं मला घेऊन गेले. हे सोबत होते. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, कोयनेलच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "गोळ्या चुकवू नका. आणि हिला ह्या ओलीतून बाहेर काढा. कोरड्या डोंगराच्या हवेत न्या, रोज थोडं थोडं चालवा. पण गार लागू देऊ नका हं. गार लागलं तर ताप उलटेल."

डोंगरात न्यायचं, आणि तेही थंडीच्या दिवसांत, आणि गार लागू द्यायचं नाही! दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, डॉक्टरला वेड लागलंय. आमचे मामंजी गाडीत बसल्या बसल्या मांडीवर थाप मारून बैलाला म्हणाले, "ऐकलंस का रं? गार न लागता डोंगर चढायचा! आरं, आजवर मी दुसरं काय शिकलो?"

घरी आल्यावर आत्याबाईंनी आकाशपाताळ एक केलं. "जिवंत हाय ती पोर, तिला डोंगरावर न्हेऊन मारणार हाईत व्हय? आन् गुऱ्हाळाचं कोण बघंल, मी?"

"गुऱ्हाळ महिनाभर मागनं लागंल. ऊस काय पळून जात न्हाय."

"लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतातच की. आजवर काय थांबल्यात?"

झालं, ठरलं. आता माझ्या अंगात घालायचं काय? बायकांचं गरम कापड म्हणजे शाल नाहीतर घोंगडी. ती हातानं धरून ठेवावी लागते, मग काठी कशानं धरायची? पुरुषाचा कोट लुगड्यावर घातला, की पदर आत अडकतो आणि डोक्यावर येत नाही. आणि पदराशिवाय सून गावाबाहेर पडली असती, तर संक्रांतीपर्यंत कशाला, आत्याबाईंनी त्याच दिवशी मला निरवांगीची वाट दाखवली असती. हे सगळं दिसायला एवढंसं. पण माझं परत येणं ह्या एवढ्याशा गोष्टीवर अडलं होतं.

मामंजी तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत. म्हशीशीसुद्धा नाही.

चौथ्या दिवशी आत्याबाई बाजाराला गेल्या होत्या. मी ओसरीवर उन्हाला पडले होते. बाहेर बैलगाडी थांबल्याचा आवाज आला आणि मागोमाग इंदापूरच्या मामासासऱ्यांची हाक, "अगं अक्का, पडशील! ह्या वयात गंजीवर कशाला चढलीस?"

मी उठून बघते, तर कडब्याच्या गंजीला शिडी लावलेली, आणि शिडीवर आत्याबाईंचं हिरवं लुगडं. नऊवारी, कासोटा मारून नेसलेलं. डोक्यावर पदर. पदराखाली फ्लॅनेलचं जाकीट. हाक ऐकून लुगड्यानं वळून बघितलं, आणि पदरातून ह्या एवढ्या पांढऱ्या मिशा बाहेर आल्या!

मामासासरे जागच्या जागी मटकन खाली बसले.

"दाजी... तुमी?"

"व्हय, मीच. आता आलायसा तर एक काम करा," मामंजी शिडीवरूनच म्हणाले, जसं काही ते रोजच लुगडं नेसतात. "मागनं बगा बरं, मी वर हात केला की पाठ उघडी पडती का?"

अगं बाई गं! तापातसुद्धा मी तोंडात पदर कोंबून हसले. कित्येक महिन्यांनी हसले असेन. मामासासरे पाणीसुद्धा न घेता माघारी गेले, आणि इंदापूरच्या बाजारात, बारामतीच्या अडत्याकडं, जाईल तिथं सांगत सुटले. पुढं कितीतरी दिवस लोक मामंजींना हटकायचे, "काय आबा, आज धोतरच?" दुसरा माणूस मान खाली घालून गेला असता. मामंजी म्हणायचे, "लुगडं बाजाराला न्हाय नेसत. चढालाच नेसतो."

आत्याबाईंनी ते लुगडं पुढं कधी नेसलं नाही. पण मामंजींना काय हवं होतं ते त्या शिडीवर सापडलं होतं. संध्याकाळी ते म्हशीजवळ जाऊन बसले आणि मी दाराआडून ऐकत होते.

"म्हशे, बाही नको. बाहीत पदर गोळा हुतो. जाकीट पदराच्या खाली, चोळीच्या वर. आन् लांब पायजे, कमरंच्या खाली. ह्या बायांच्या चोळीखालनं सगळं वारं आत शिरतं बग, आजवर एका शिंप्याच्या ध्यानात आलं न्हाय! पुढनं बांधाय बंद. आन् कापड घोंगडीचं. लोकर भिजली तरी ऊब सोडत न्हाय, आन् लुगडं तिच्यावर घसरत न्हाय. मी बघितलंय."

आता सांगा, सुनेसाठी मिशीवर पदर घेणारा सासरा तुम्ही कुठं पाहिलाय? मी तरी नाही. माझे डोळे त्या दिवशी दारामागं भरून आले होते आणि आत्ता सांगतानाही भरून येताहेत.

नवी कोरी घोंगडी घेऊन ते बारामतीत शिंप्याकडं गेले, तर शिंप्यानं घोंगडीला हात जोडले.

"आबा, दुसरं काय बी सांगा. नव्या घोंगडीला कातर मी लावणार न्हाय. देवाचं आसन हाय ते."

गंमत अशी, की मामंजींनाही ते पटलं. आमच्या घरात खंडोबाची तळी घोंगडीवरच उचलतात. तिचे तुकडे करायला त्यांचाही हात धजला नसता. घेऊन जाताना हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. तशीच घोंगडी खांद्यावर टाकून ते परत आले, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच निरवांगीच्या बाजूला गेले. तिकडं एक सणगर म्हातारा होता, घोंगड्या विणणारा, माझ्या वडलांच्या ओळखीचा. त्याला मामंजींनी सांगितलं, की कातरायचं नाही, मापाचंच विणायचं. पाठ वेगळी, पुढच्या दोन बाजू वेगळ्या, आणि मग लोकरीच्या दोऱ्यानं जोडायच्या.

म्हातारा म्हणाला, "तुकडं इनू व्हय?"

"तुकडं कशाला म्हणतूस? तीन धाकट्या घोंगड्या समज."

मापाला मामंजींनी माझी लग्नातली चोळी नेली होती. माझे वडील तिथंच होते. ते म्हणाले, "इवाई, पोर आता निम्मी झालीया. ह्या मापाचं जाकीट तिला लई मोठं हुईल."

मामंजी म्हणाले, "जाकीट ऱ्हाऊ दे तेवढंच. पोर मोठी हुईल."

हे मला वडलांनी फार पुढं सांगितलं.

जाकीट आलं ते फळीसारखं ताठ. चिंचोक्याची खळ होती ना त्याला! भिंतीला टेकवून ठेवलं, तर आपलं आपण उभं राहिलं. मामंजींनी ते पाटाच्या पाण्यात बडवलं, उन्हात वाळवलं, पुन्हा बडवलं, आणि मऊ व्हावं म्हणून रात्री उशाला घेऊन झोपले. मार्गशीर्ष संपत आला तेव्हा आम्ही निघालो. हे गाडी हाकत, मी मागं, मामंजी बाजूनं चालत. मोरगाव, जेजुरी, सासवड करत डोंगराच्या पायथ्याच्या एका वाडीत पोचलो. दारात मामंजींच्याच वयाचा एक माणूस उभा होता. मामंजींना बघून तो म्हणाला, "या दाजी. औंदा उशीर केलासा."

दाजी? मी मनात म्हटलं, आत्याबाईंचे भाऊ तर इंदापूरला. हे कुठले? पण सुनेनं विचारायचं कुणाला!

तिथं मामंजी मला रोज चालवायचे. आधी खळ्यापर्यंत, मग ओढ्यापर्यंत, मग डोंगराच्या पहिल्या टप्प्यापर्यंत. हे पुढं, मी मध्ये, मामंजी मागं. चढ लागला, की मागून हाक यायची, "बंद सोडा." मी जाकीट काढून खांद्यावर टाकायची. थांबलो, की लगेच, "घाला. घाम गार व्हायच्या आत घाला." मला कंटाळा यायचा, राग यायचा. एकदा मी पुटपुटले, "जाकीट हाय का छळवाद!" तर मागून आवाज, "छळवादच हाय. घाला."

कोयनेल चालूच होतं. तापाच्या पाळ्या आधी हलक्या झाल्या, मग एक चुकली. पुढच्या पाळीच्या दिवशी आम्ही वरच्या खिंडीत पोचलो होतो. सकाळची वेळ, समोर सगळी दरी धुक्यानं भरलेली. खिंडीतून वारं असं येत होतं, की कान तुटून पडतील. जाकीट माझ्या खांद्यावर होतं. आणि मला थंडी भरली. दात वाजायला लागले. गुडघे थडथडायला लागले. मी दगडावर बसले आणि माझं सगळं अवसान गळालं. आली, म्हटलं. आली पाळी. संपलं सगळं. आता निरवांगी.

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मामंजी पुढं आले. रीतभात सगळी विसरून त्यांनी स्वतः ते जाकीट माझ्या अंगावर चढवलं, लेकराला घालतात तसं, आणि बंद बांधले. वरून पदर सारखा केला. मग समोर उकिडवे बसून माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मी डोळे मिटून घेतले. तापाची थंडी मला पाठ होती. अंगावर डोंगर टाकला तरी ती जायची नाही.

आणि थोड्या वेळानं दात थांबले.

मला वाटलं, भास आहे. मग गुडघे थांबले. पोटापाशी, पाठीपाशी ऊब यायला लागली, हळूहळू, चूल पेटल्यासारखी. मी डोळे उघडले.

"ग्येली?" मामंजींनी विचारलं.

"ग्येली," मी म्हटलं.

"जाकिटानं ग्येली?"

"व्हय मामंजी. जाकिटानं ग्येली."

"म्हंजी ती बाहीरची थंडी! आतली न्हवं!" असं ओरडून ते उभे राहिले, आणि तो एवढा मिशाळ माणूस त्या खिंडीत पाठ फिरवून ढसाढसा रडायला लागला. आम्ही दोघं नुसते बघत राहिलो. नुसती साधी थंडी वाजली, म्हणून माणसं कधी एवढी खूश झाली असतील का?

रडणं ओसरल्यावर ते दरीकडं तोंड करून बोलले. आत्याबाई त्यांची दुसरी बायको, हे मला ठाऊक होतं. आत्याबाईंच्या गळ्यात, वारलेल्या सवतीच्या नावानं दुसरी घालते तसा, पहिलीचा चांदीचा टाक होता, तो मी रोज बघायची. पण पहिलीचं नाव घरात कोणी घेत नसे. ती ह्या वाडीची. दारात उभा होता तो तिचा भाऊ. तिलाही पाटाच्या पाण्यावर असाच ताप लागला होता, तिचीही पाळी थांबत नव्हती. मामंजींच्या आईनं तिला माहेरी पोचवायला सांगितलं, आणि मामंजींनी पोचवली.

"हेच दिस हुते," ते म्हणाले. "अंगावर एक लुगडं, चोळी. आमच्याकडं काय थंडी असती? मला वाटलं, हितं बी तेवढीच असंल. ऊबदार म्हणून एक चिंधी मी तिच्यासंगं दिली न्हाय. महिना बी काढला न्हाय तिनं. आन् मी तवर बोहल्यावर हुतो."

ह्यांनाही हे पहिल्यांदाच कळत होतं. त्यांनी वडलांच्या खांद्यावर हात ठेवला. मी उठले. जाकीट अंगावरच होतं. मी मामंजींच्या पाया पडले आणि म्हटलं, "चला, अजून वर जाऊ या." त्या दिवशी आम्ही माथ्यापर्यंत गेलो.

परत आलो तो संक्रांतीचाच दिवस. गाडी दारात थांबली आणि ओसरीवर जाजम दिसलं. मामासासरे बसले होते, आणि त्यांच्या शेजारी पागोटं बांधलेले दोन अनोळखी पाहुणे. आत्याबाई चुलीपाशी तिळगूळ करत होत्या. मी उतरले. कोणाचा हात न धरता उतरले, अंगणातून चालत आले आणि तुळशीपाशी उभी राहिले.

मामासासरे म्हणाले, "दाजी, बरं झालं आलासा. हे पाव्हणं..."

मामंजींनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ते सरळ आत्याबाईंकडं गेले आणि गाठोड्यातून एक खण काढून त्यांच्या हातात दिला.

"डोंगरातल्या भावानं धाडलाय. म्हणाला, माजी भन ग्येली, पर तिच्या जागी आली ती बी माजी भनच. इतकी वर्सं दाजी, तुमी माज्याम्होरं ह्या दुसरीचं नाव कधी काढलं न्हाईसा, म्हणून मी बी गप ऱ्हायलो."

आत्याबाई खण हातात धरून उभ्याच राहिल्या. इतकी वर्षं त्या बाईला वाटत होतं, की डोंगरातली माणसं आपल्याला तळतळाट देत असतील. मग त्या तशाच अंगणात आल्या, तिळगुळाचा चिकट हात पदराला पुसला, आणि सगळ्यांच्या देखत माझ्या कपाळावर ठेवला. बराच वेळ ठेवला. पाठीवर ठेवला, गळ्याशी ठेवला, पुन्हा कपाळावर ठेवला.

"गार हाय," त्या म्हणाल्या. "गार हाय गं पोरी."

आणि तशाच, हात माझ्या कपाळावरून न काढता, ओसरीकडं वळून आपल्या भावाला म्हणाल्या, "भाऊ, पाव्हण्यास्नी तिळगूळ दे आन् वाटंला लाव. आमच्या घरात जागा रिकामी न्हाय."